बिनतिकिटाचे घडीपत्र: ओळख आणि वाचन

टपालाची तिकिटे निघण्यापूर्वी पत्राला वेगळे पाकीट क्वचितच असे. कागदाच्या एका बाजूला मजकूर लिहिला जाई. मग मजकूर आत राहील अशा बेताने कागद तीन-चार वेळा दुमडून त्याचे एक टोक दुसऱ्यात खोवत, सांध्यावर लाख किंवा खळ लावून तो बंद करत आणि बाहेर राहिलेल्या कोऱ्या चौकटीवर पत्ता घालत. पत्र आणि लखोटा असा हा एकच कागद म्हणजे घडीपत्र. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या घरांच्या दप्तरांत, ट्रंकांत आणि वखारींच्या हिशेबी कागदांत अशी पत्रे आजही सापडतात. ती कोणी, कोणाला, कधी आणि कोणत्या वाटेने पाठवली, हे शोधण्याची एक ठरलेली रीत आहे. या रीतीत मजकुराचा क्रम शेवटी येतो. कागदाची बाहेरची बाजू, घडी, कागद, शाई आणि तारीख यांची साक्ष आधी घ्यावी लागते.

पाकीट का नव्हते?

ब्रिटनमध्ये १८३९ अखेरपर्यंत टपालहशील दोन गोष्टींवर ठरे: अंतर आणि कागदांची संख्या. पत्राभोवती वेगळे पाकीट घातले तर तोही एक कागद धरला जाई आणि हशील दुप्पट होई. त्यामुळे एकाच तावावर मावेल तितके लिहून तो दुमडणेच परवडे. जागा संपली की काही जण कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींना छेद देत पुढचा मजकूर लिहीत. रोलंड हिल यांच्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून पेनी टपाल सुरू झाले आणि वजनाप्रमाणे एकच दर आला. ६ मे १८४० पासून ‘पेनी ब्लॅक’ हे जगातले पहिले चिकटवायचे तिकीट चलनात आले. त्यानंतर पाकिटे वाढत गेली.

हिंदुस्थानात वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे टपाल खाजगी लोकांना खुले केले. मद्रासला १७८६ मध्ये आणि मुंबईला १७९४ मध्ये जनरल पोस्ट ऑफिस सुरू झाले. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे नेण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे घेतला. या कायद्यानुसार हशील वजनावर आणि अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याच्या पत्राला एक रुपया पडे. १ जुलै १८५२ रोजी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रेअर यांनी ‘सिंदे डॉक’ ही अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तिकिटे आली आणि पाव तोळ्याच्या पत्राला अंतर कितीही असले तरी अर्धा आणा असा दर ठरला.

यावरून एक ढोबळ खूण मिळते. इथले बिनतिकिटाचे पत्र बहुधा १८५४ पूर्वीचे असते; पण ‘बहुधा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १८५४ नंतरही तिकीट न लावता पत्र टाकता येई. त्याला ‘बेरंग’ म्हणत आणि घेणाऱ्याकडून दुप्पट हशील वसूल होई. सरकारी कामाच्या पत्रांचे नियम वेगळे होते. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली पहिली तिकिटे १८७१ मध्ये निघाली. काही पत्रांवरचे तिकीट नंतर कोणी तरी काढून घेतलेले असते. कोपऱ्यात फिकट चौकोन, गोंदाचा डाग किंवा अर्धवट तुटलेला शिक्का दिसला तर तसा संशय घ्यावा.

बाहेरच्या बाजूची साक्ष

घडीपत्र हाती आल्यावर सर्वात आधी त्याच्या पत्त्याची बाजू पाहावी. टपालाचा शिक्का आहे की नाही, हा पहिला प्रश्न. पेशवाईतले सरकारी टपाल जासूद आणि काशीद यांच्या हाती असे. जासुदांची जोडी थैली घेऊन निघे. अशा पत्रांवर छापील शिक्का नसतो. मोडीत घेणाऱ्याचे नाव आणि कधी कधी पत्र पोहोचल्याची नोंद एवढेच असते. सावकारांची पत्रेही पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या माणसांबरोबर जात. कंपनीच्या टपालातून गेलेल्या पत्रावर मात्र कचेरीचे नाव, कधी तारीख आणि हशिलाची स्थिती सांगणारा शब्द ठशाने उमटवलेला आढळतो. ‘पोस्ट पेड’ असेल तर पाठवणाऱ्याने हशील आधी भरले होते. ‘बेअरिंग’ असेल तर ते घेणाऱ्याने द्यायचे होते. भरलेल्या हशिलाला तांबडी आणि न भरलेल्याला काळी शाई वापरण्याची पद्धत ब्रिटनप्रमाणे इथेही बरीच रूढ होती. म्हणून शिक्क्याचा रंगही टिपून ठेवावा.

पत्त्यावर आडवातिडवा, मोठ्या अक्षरात ओढलेला आकडा पुष्कळांना निरर्थक खरडण वाटतो. तो हशिलाचा आकडा असतो. इथल्या पत्रावर तो आण्यांत, तर विलायतेला पोहोचलेल्या पत्रावर शिलिंग-पेन्सांत असतो. त्याच्या जवळ मोडी, फारसी किंवा गुजराती अक्षरांत बारीक टिपण दिसले तर ते बहुधा टपाल कचेरीतल्या कारकुनाचे किंवा पत्र वाटणाऱ्याचे असते. स्कॉटलंडमध्ये १८१३ ते १८३९ या काळात चारचाकी गाडीतून गेलेल्या पत्रांवर जादा अर्धा पेनी घेत. तसा ठसा असलेले पत्र या सव्वीस वर्षांतलेच असणार. असा एक लहानसा आकडाही पत्राचा काळ बांधून देतो.

समुद्रापार गेलेल्या पत्रांवर आणखी खुणा मिळतात. ब्रिटनच्या बंदरात उतरलेल्या पत्रांवर ‘शिप लेटर’ आणि १८१५ पासून हिंदुस्थानाकडून आलेल्या पत्रांवर ‘इंडिया लेटर’ असा ठसा बंदराच्या नावासह मारत. पोर्ट्समाउथ, डील, फॅल्मथ ही त्यांतली नेहमी दिसणारी नावे. १८१९ च्या कायद्यानंतर तीन औंसांपर्यंतच्या अशा पत्राला चार पेन्स समुद्री हशील पडे. शिडाच्या जहाजातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून पत्र पोहोचायला चार-सहा महिने लागत. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली आणि तांबड्या समुद्राची वाट आगबोटींना खुली झाली. पुढे मिसरमधून जमिनीवरून आणि मग भूमध्य समुद्रातून पत्रे जाऊ लागली, तेव्हा हा काळ दोन महिन्यांच्या आसपास आला. म्हणून पत्र लिहिल्याची आणि पोहोचल्याची तारीख या दोन्ही मिळाल्या, तर मधल्या दिवसांवरूनच पत्राची वाट सांगता येते. कोपऱ्यात ‘व्हाया मार्से’ किंवा ‘व्हाया फॅल्मथ’ अशी हाताने लिहिलेली सूचना असेल तर काम आणखी सोपे होते.

कागदावर सुरीने पाडलेल्या बारीक चिरा दिसल्या तर तो खोडसाळपणा समजू नये. प्लेग आणि पटकी यांच्या भीतीने भूमध्य समुद्रातल्या माल्टासारख्या बंदरांत पूर्वेकडची पत्रे चिरून धुरी देत किंवा त्यांवर व्हिनेगर शिंपडत. त्या चिरा आणि तपकिरी डाग हा पत्राच्या प्रवासाचाच पुरावा आहे.

गावांची नावे जशी लिहिली असतील तशीच उतरून घ्यावीत. इंग्रज कारकून ठाण्याला ‘टन्ना’, शिरूरला ‘सिरूर’, सुवर्णदुर्गाला ‘सेव्हर्नड्रूग’ लिहीत. बाणकोटचा किल्ला १७५६ मध्ये त्यांच्या हाती गेल्यावर ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. आजच्या नकाशात ही नावे सापडत नाहीत, पण जुन्या गॅझेटिअरांत आणि नकाशांत सापडतात.

घडीच्या एका अरुंद पट्टीवर वेगळ्या हस्ताक्षरात नाव, तारीख आणि ‘पोहोचले’, ‘उत्तर दिले’ अशा अर्थाचा शेरा असू शकतो. पत्र दप्तरी लावताना घेणाऱ्याच्या कारकुनाने तो लिहिलेला असतो. आतली सही वाचता आली नाही, तरी हा शेरा पाठवणाऱ्याचे नाव स्वच्छ अक्षरात देऊन जातो.

घडी आणि लाख

पत्र उलगडण्यापूर्वी त्याच्या घड्यांचे फोटो काढून क्रम टिपून ठेवावा. पाश्चात्त्य अभ्यासकांनी पत्र बंद करण्याच्या तऱ्हांचा स्वतंत्र अभ्यास उभा केला आहे. हेगच्या ब्रिएन संग्रहात सतराव्या शतकाअखेरची सुमारे २,६०० पत्रे एका पेटीत राहिली असून त्यांतली काही कधीच उघडली गेली नाहीत. क्ष-किरणांची आजची सूक्ष्म तंत्रे वापरून संशोधकांनी त्यांतले ३१ जुलै १६९७ चे एक पत्र लाख न मोडता वाचले आणि २०२१ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. घरात सापडलेल्या बंद पत्राबाबत हाच धडा घ्यावा: लाख फोडण्याची घाई करू नये.

पत्र लाखेने बंद केले आहे की पिठाच्या रंगीत टिकलीने, हे पाहावे. लाखेवर पाठवणाऱ्याच्या अंगठीचा किंवा शिक्क्याचा ठसा असतो. तिरप्या उजेडात धरले की त्यावरची अक्षरे किंवा चिन्ह उठून दिसते. मराठी राजपत्रांत शिक्क्यांचे स्थान ठरलेले असे. मुख्य मुद्रा वरच्या बाजूला आणि मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी मोर्तब. मोर्तब असल्यावर त्याखाली कोणाला काही भर घालता येत नसे.

कागद आणि शाई

कागद उजेडासमोर धरला की त्याची जडणघडण कळते. जवळजवळच्या आडव्या रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दूरदूरच्या उभ्या रेषा दिसल्या तर तो तारांच्या जाळीवर ओतलेला जुन्या पद्धतीचा कागद. रेषा न दिसता पोत एकसारखा असेल तर तो विणीच्या जाळीवरचा. ही जाळी इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यास जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीत वापरात आली. इंग्रजी कागदांत गिरणीच्या नावाचा जलठसा असतो आणि पुष्कळदा सालही असते. १७९४ च्या कायद्याने परदेशी पाठवलेल्या कागदावरची जकात परत मिळण्यासाठी ठशात साल घालणे भाग पडले, म्हणून त्यानंतरच्या कागदांत साल वारंवार भेटते. जलठशातले साल कागद कधी घडला ते सांगते. पत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. नंतरचे मात्र असू शकते.

देशी कागदांत जुन्नरी आणि दौलताबादी कागदांची ख्याती होती. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव या धंद्यामुळेच ओळखले जाते. हा कागद हाताने केलेला, खळ देऊन दगडाने घोटलेला असे. त्यावर बोरूची लेखणी सहज धावे. देशी शाई काजळीची असल्याने दोनशे वर्षांनंतरही काळीभोर राहते. युरोपीय शाई लोह आणि मायफळाची असते. ती कालांतराने तपकिरी होते आणि कधी कागदही खाते. फिकी पडलेली ही शाई अतिनील दिव्याखाली पुन्हा गडद दिसते. चांगला फोटो काढून संगणकावर त्याचा निळा भाग वेगळा केला तरी बराच मजकूर वर येतो. अक्षरांच्या खाचांत चमकणारे कण दिसले तर ती शाई वाळवण्यासाठी टाकलेली वाळू असते.

तारीख लावणे

इंग्रजी पत्रातली तारीख सोपी वाटते, पण तिच्यातही खाचखळगे आहेत. सप्टेंबर १७५२ पर्यंत ब्रिटन जुनी दिनगणना पाळत होते. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांवर ‘१७४१/२’ अशी जोडसाले दिसतात. ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्यातला आणि ‘अल्टिमो’ म्हणजे मागच्या महिन्यातला, हे व्यापारी पत्रांतले नेहमीचे संकेत. वार दिला असेल तर कायमच्या कॅलेंडरवर ताडून पाहावे.

मराठी पत्रांत तारीख अनेक कालगणनांत येते. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येते आणि वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते. सर्वधारी संवत्सर शके १६९० मध्ये होते, १७५० मध्ये होते आणि १८१० मध्येही होते. त्यामुळे केवळ नाव पुरत नाही, पण शकाच्या आकड्याचा पडताळा त्याने होतो.

पेशवाई दप्तरात शुहूर सन सर्वात जास्त भेटतो. तो मृगाच्या आरंभी बदलतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत, एककापासून उलट्या क्रमाने लिहितात. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे आणि अलफ हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ मध्ये ६०० मिळवले की १७६१ येते. जानेवारीतल्या पानिपतच्या लढाईचे हेच साल. दख्खनी फसली सन शुहूर सनापेक्षा नऊने पुढे असतो.

दिवस आणि महिना पुष्कळदा मुसलमानी पंचांगाचा असतो. ‘छ १० रजब’ यातला ‘छ’ हा चंद्राच्या तारखेची खूण आहे. रबिलावल, जमादिलाखर, साबान, सवाल, जिल्काद, जिल्हेज ही महिन्यांची मराठीत रुळलेली रूपे आहेत. चांद्र तारीख आणि सन हाती आले की जंत्रीतून इंग्रजी तारीख काढता येते. तिथी आणि वारही दिला असेल तर तिन्ही जुळतात का ते पाहावे. ‘पै’ या संक्षेपापुढची तारीख पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची असते. ती लिहिल्याची तारीख समजली तर सगळी संगती बिघडते.

मोडी मजकूर उलगडताना

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे लिहीत. शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीची वळणे निराळी आहेत. नवख्या वाचकाने मजकुराच्या मध्यावर न अडखळता ठरावीक वाक्यांपासून सुरुवात करावी, कारण जुन्या पत्रांचा मायना आणि शेवट बांधलेला असतो. वरती ‘श्री’, मग घेणाऱ्याचे नाव, मग पाठवणाऱ्याचे, मग ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जाणे’ आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. ही वाक्ये ओळखली की त्यांतून त्या लेखकाच्या वळणाचा अक्षरांचा तक्ता तयार होतो. मग तो तक्ता धरून उरलेला मजकूर सोडवायचा.

मायना नातेही सांगतो. ‘तीर्थरूप’ वडिलांना किंवा वडीलधाऱ्यांना, ‘चिरंजीव’ धाकट्यांना, ‘सौभाग्यवती’ सवाष्णीला, ‘गंगाभागीरथी’ विधवेला. ‘राजमान्य राजश्री’ हा बरोबरीच्या मानाचा मायना. नाव पुसट असले तरी पत्र कोणत्या नात्यातले हे यावरून कळते.

संक्षेपांची यादी जवळ ठेवावी. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘ता॥’ म्हणजे तारीख किंवा तालुका, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. आकड्यांनंतरच्या उभ्या रेघांचा अर्थ निराळा आहे. एक रेघ पाव, दोन अर्धा आणि तीन पाऊण. शब्दाला जोडलेल्या दोन रेघा आणि आकड्याला जोडलेल्या दोन रेघा यांत गल्लत झाली तर हिशेब चुकतो. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी अंदाजाने शब्द घालू नये. तिथे रिकामी जागा सोडून खूण करावी आणि जसेच्या तसे लिप्यंतर आधी, आजच्या मराठीतला अर्थ नंतर, असे दोन वेगळे कागद करावेत.

पुराव्यांचा मेळ

कोणतीही एक खूण पत्राची ओळख पक्की करत नाही. शिक्का, हशील, वाट, कागदाचे साल, तारीख, हस्ताक्षर आणि मजकुरातले प्रसंग हे सगळे एकमेकांशी जुळले पाहिजेत. मजकुरात १८२० ची तारीख आणि जलठशात १८२८ असेल, तर हाती असलेला कागद नक्कल आहे. नक्कल म्हणजे बनावट नव्हे. जुन्या दप्तरांत खऱ्या नकला पुष्कळ असतात. मात्र संग्राहकांच्या बाजारात खऱ्या जुन्या पत्रावर दुर्मीळ शिक्का नव्याने मारून किंमत वाढवण्याचे प्रकार होतात. नवी शाई जुन्या, खळ उडालेल्या कागदात पसरते. शिक्का फाटलेल्या कडेवरून किंवा झिजलेल्या घडीच्या खाचेत उतरला असेल, तर तो कागद जीर्ण झाल्यावर मारला गेला आहे.

जतन

घडीपत्रावर चिकटपट्टी लावू नये, त्याला इस्त्री करू नये, लॅमिनेशन करू नये आणि पेनने काही लिहू नये. नोंदी वेगळ्या कागदावर पेन्सिलीने कराव्यात. दोन्ही बाजूंचे फोटो काढून पत्र आम्लविरहित कागदात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. पत्त्याची चौकट कापून फक्त शिक्के जमवण्याची जुनी खोड सर्वात घातक आहे. त्याने पत्राचा अर्धा पुरावा कायमचा जातो. पंचाहत्तर वर्षांहून जुने आणि ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात व परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही ध्यानात असावे.

पुण्याचे पुरालेखागार, १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईचे राज्य पुरालेखागार आणि धुळ्याचे राजवाडे मंडळ इथे अशा कागदांचे मोठे साठे आहेत आणि मोडी जाणणारी माणसेही आहेत. ज्यांच्या घरी जुनी ट्रंक किंवा दप्तराचे गाठोडे आहे, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडावे, पत्रे घडीसकट जपावीत आणि जाणकाराकडून वाचून घ्यावीत. मूळ पत्र घरीच ठेवायचे असेल तर निदान त्याची स्वच्छ प्रत एखाद्या संस्थेला द्यावी. एका घरचे पत्र दुसऱ्या दप्तरातल्या उत्तराशी जुळले, तरच दोन्हींचा इतिहास पुरा होतो.